घेणाऱ्याची शिस्त

पर्यटनाचा हंगाम सुरू झाला की गोव्याच्या हरमल, मांद्रे, मोरजी या पट्ट्यात बुद्धाचे मस्तक छापलेले फलक दिसू लागतात. आठवड्याचे शिबिर, सकाळी ध्यान, दुपारी मालिश, संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून कृतज्ञतेचा सराव, आणि साऱ्याचे सार एका वाक्यात: स्वतःवर प्रेम करा. या फलकांवरून आपल्या मराठी घरांत आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जो वाद चालतो, तो मला फलकांहूनही उथळ वाटतो. एक पक्ष म्हणतो, हे पैसेवाल्यांचे लाड. ज्या बुद्धाने 'मी' नावाची टिकाऊ वस्तूच नाही असे सांगितले, त्याच्या नावावर स्वतःचे कोडकौतुक कसे खपवता? दुसरा पक्ष म्हणतो, आधी स्वतःचे बघा, त्रास देणाऱ्यांना आयुष्यातून वजा करा, बुद्धाने तरी दुसरे काय सांगितले? भांडणाऱ्या या दोघांचे एका गोष्टीवर मात्र न बोलता एकमत आहे: स्वतःशी प्रेमाने वागणे हा एकट्याने, स्वतःपुरता करायचा उद्योग आहे. मला हेच अमान्य आहे. बौद्ध परंपरेत स्वतःवरची मैत्री, म्हणजे स्वतःचे भले चिंतणारी माया, आणि दुसऱ्याकडून आलेले प्रेम, सेवा, मदत नीट घेता येणे या एकाच शिस्तीच्या दोन बाजू आहेत. देणे आपल्याला शिकवले जाते. घेण्यात आपण कच्चे आहोत, आणि त्या कच्चेपणाला आपण नम्रता म्हणत आलो आहोत.

पहिल्या पक्षाचे जे खरे आहे ते आधी मान्य करतो. शिबिरांचा धंदा आहे, आणि धंद्यात बुद्ध हा सजावटीचा माल आहे. सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला केलेल्या उपदेशात बुद्धाने मालकाची नोकराप्रती पाच कर्तव्ये सांगितली आहेत: कुवतीप्रमाणे काम देणे, अन्न आणि वेतन देणे, आजारपणात शुश्रूषा करणे, घरात काही खास गोडधोड झाले तर त्यातला वाटा देणे, आणि वेळेवर सुट्टी देणे. किनाऱ्यावरच्या ज्या शिबिरात पाहुण्यांना कृतज्ञता शिकवतात, तिथे चादरी धुणाऱ्या मुलाला ताप आला तर त्याला सुट्टी मिळते का? हा प्रश्न विचारला की फलकांवरचे बरेचसे तत्त्वज्ञान गळून पडेल. पण दुकानदार खोटा निघाला म्हणून माल मुळातच नव्हता असे होत नाही. माल कुठला, तो कुणी घडवला, हे पाहायला हवे. आणि ते पाहायला गोव्यातल्या माणसाला फार लांब जावे लागत नाही.

ध्यानात मैत्रीची सुरुवात स्वतःपासून करावी, 'मी सुखी होवो, मी दुःखमुक्त होवो' असे आधी म्हणावे, ही पद्धत सविस्तर मांडली ती पाचव्या शतकात, श्रीलंकेत, आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात. या ग्रंथाची हार्वर्डची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्यात ज्यांचे आयुष्यातले कितीतरी श्रम गेले, ते पाली पंडित धर्मानंद कोसंबी साखवाळचे. १८७६ चा जन्म, नारळाच्या बागा सांभाळण्यात गेलेले तारुण्य, 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात वाचलेले बुद्धाचे चरित्र, आणि मग १८९९ मध्ये सोडलेले घर. ग्रंथाची देवनागरी आवृत्ती त्यांनी १९४० मध्ये मुंबईत काढली. हार्वर्डची आवृत्ती १९५० मध्ये निघाली, तेव्हा ते हयात नव्हते. म्हणजे ज्या पानांवर स्वतःवरच्या मैत्रीचा विधी लिहिला आहे, ती पाने अक्षर न् अक्षर तपासणारा माणूस आपल्या मुरगाव तालुक्यातला. तरीही आम्ही म्हणणार की ही कल्पना परदेशी पाहुण्यांच्या पिशवीतून आली.

अर्थात जाणकार टीकाकार इथेच नेमके बोट ठेवील. मैत्रीवरच्या मूळ मेत्तसुत्तात 'सगळे प्राणी सुखी होवोत' असे आहे. स्वतःचा वेगळा उल्लेख नाही. मग बुद्धघोषांनी हे मागून घुसडले की काय? ही शंका स्वतः बुद्धघोषांनीच घेतली आहे. जुन्या ग्रंथांत मैत्रीच्या विस्तारात स्वतःचे नाव येत नाही हे ते लपवत नाहीत. उत्तर म्हणून ते सांगतात, की इथे स्वतःला साक्षीला बसवायचे असते. मला सुख हवे आहे, दुःख नको आहे, हे मला आतून ठाऊक आहे. तेच समोरच्याचेही आहे, हे त्यावरून ओळखायचे. आणि पुढे ते अशी एक गोष्ट सांगतात, जी एकाही फलकावर छापता येणार नाही. केवळ स्वतःवरच मैत्रीचा अभ्यास केला, तर शंभर काय, हजार वर्षे केला तरी त्यातून समाधी लागणार नाही. स्वतःवरची मैत्री हा उंबरठा आहे. त्यावर बिछाना घालून झोपणाऱ्याला घर मिळत नाही, आणि तो टाळून भिंतीवरून उडी मारू पाहणाऱ्यालाही नाही.

'मी'च नाही तर प्रेम कुणावर, हा दुसरा आक्षेप ऐकायला भारदस्त आहे, पण दोन पावले चालत नाही. अनात्मवादाने नाकारला तो आत बसलेला, कधीही न बदलणारा धनी. दाढ दुखते तेव्हा होणारे दुःख त्याने नाकारलेले नाही. आणि हा युक्तिवाद खरा मानला तर शेजाऱ्यावर, आईवर, भटक्या कुत्र्यावरही प्रेम करता येणार नाही, कारण तेही तितकेच अनात्म आहेत. मग करुणेचा सगळा उपदेश कुणासाठी? जो नियम फक्त आपल्यावर कठोरपणे लावायचा आणि इतरांना सूट द्यायची, त्याच्या मागे तत्त्वज्ञानापेक्षा स्वतःविषयीचा आकस जास्त असतो, असा माझा संशय आहे. कोसलचा राजा प्रसेनजित याने मल्लिका राणीला विचारले, तुला स्वतःहून प्रिय असे कुणी आहे का? राजाला वेगळे उत्तर अपेक्षित असावे. राणी म्हणाली, नाही महाराज, आणि उलट त्याला विचारले, तुम्हाला? त्यालाही नाहीच म्हणावे लागले. हा संवाद बुद्धाच्या कानावर गेला तेव्हा त्याने राणीला स्वार्थी ठरवले नाही, त्यागाचे प्रवचनही दिले नाही. सगळ्या दिशा मनाने धुंडाळल्या तरी स्वतःहून प्रिय कुणी सापडत नाही. दुसऱ्यांनाही त्यांचा जीव असाच प्रिय आहे, म्हणून ज्याला स्वतःचे हित हवे त्याने दुसऱ्याला दुखवू नये, असे तो म्हणाला. अहिंसेचा पाया इथे स्वतःवरच्या प्रेमात घातला आहे. तो पाया उखडून वरची इमारत तेवढी ठेवू पाहणाऱ्यांनी मल्लिकेला काय उत्तर द्यायचे ते ठरवावे.

पण माझा मुख्य मुद्दा यापुढे आहे. भिक्खूंच्या शिस्तीचे नियम सांगणाऱ्या विनयपिटकाच्या महावग्ग या भागात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी, आपल्याच मळात पडलेला. बुद्ध आणि त्याचा शिष्य आनंद विहारात फिरत असताना त्याच्यापाशी येतात. तुझी शुश्रूषा करायला कुणी नाही का? नाही. का बरे? त्या भिक्खूचे उत्तर मी कितीदा वाचले तरी मला अस्वस्थ करते. तो म्हणतो, भन्ते, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझी सेवा करत नाहीत. तक्रारीचा सूर नाही. हिशेब त्याला पटलेला आहे: मी दिले नाही, म्हणून मला मिळत नाही, आणि ते ठीकच आहे. बुद्ध त्या हिशेबाला उत्तर देत बसला नाही. त्याने पाणी ओतले, आनंदाने त्या भिक्खूला धुतले, एकाने डोके आणि एकाने पाय धरून त्याला उचलून मंचकावर ठेवले. मग संघाला बोलावून सांगितले, तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही. तुम्ही एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी.

हे वाक्य अनेकांना ठाऊक असते. लगेच पुढे जे आहे ते क्वचितच कुणी सांगते. तिथे सेवा करणाऱ्याचे गुण तर दिले आहेतच, पण त्याच्याही आधी आजाऱ्याचे दिले आहेत! ज्याची शुश्रूषा करणे जड जाते असा रुग्ण कोण? जो आपल्याला मानवणार नाही तेच करतो, मानवेल त्याचेही प्रमाण राखत नाही, औषध घेत नाही, वेदना अजिबात सोसत नाही, आणि आपले हित इच्छिणाऱ्या शुश्रूषकाला दुखणे खरे खरे सांगत नाही. वाढले तर वाढले, उतरले तर उतरले असे म्हणत नाही. अडीच हजार वर्षांच्या परंपरेतल्या शिस्तीच्या ग्रंथात, सेवा घेणाऱ्याने कसे वागावे याचे नियम आहेत. दुखणे लपवणे हा तिथे मोठेपणा नाही. तो दोष आहे.

आता आपल्या घरांकडे पाहू. बोटीवर असलेल्या मुलाचा फोन आला की छातीत कळ येणारा बाप म्हणतो, मी ठणठणीत आहे, तू काळजी करू नकोस. चवथीला पहाटेपासून राबणारी बाई सगळ्यांच्या पंक्ती उठल्यावर उभ्या उभ्या दोन घास खाते, आणि कुणी म्हणाले 'तू बस, मी वाढते', तर 'नको गे, मला भूकच नाही' म्हणते. नंतर वर्षभर घरातल्यांना ऐकवते की मला कुणी बस म्हटले नाही. शेजारणीने पातोळ्या पाठवल्या की त्या तोंडात पडण्याआधी आपण भांडे कशाने भरून परत करायचे याचा विचार सुरू. रिकामे भांडे परत देऊ नये ही रीत गोड आहे, तिच्यावर माझा राग नाही. पण आलेली वस्तू आधी चाखावी तरी! त्या घाईत शेजारणीचे प्रेम आपल्यापर्यंत पोचतच नाही. पोचते ते देणे, आणि तेही संध्याकाळपर्यंत फेडून मोकळे होतो. याला आपण संस्कार म्हणतो. मला त्यात पुष्कळदा एक प्रकारचा ताठा दिसतो: मी कुणाचा मिंधा नाही. त्या आजारी भिक्खूच्या खचलेपणाचीच ही दुसरी बाजू आहे. दोघांचाही विश्वास एकच, की प्रेम हे कमावावे लागते आणि फेडावे लागते.

भिक्खूसंघाची सगळी रचनाच या समजुतीवर घाव घालणारी होती. भिक्खूने स्वयंपाक करायचा नाही, साठवायचे नाही, रोज सकाळी पात्र घेऊन दारात उभे राहायचे. डिचोलीजवळ लामगावला, किंवा कुशावतीच्या काठी रिवणला ज्या गुहा बौद्ध मानल्या जातात, तिथे भिक्खू राहिले ते भोवतालच्या गावांच्या भाताच्या आधारावरच राहिले असणार. डोंगरात कोरलेल्या खोलीत शेत पिकत नाही. रोज दुसऱ्याच्या हातचे घ्यायचे, आवडनिवड न करता घ्यायचे, आणि त्यात कमीपणा मानायचा नाही, हा त्या जीवनाचा रोजचा अभ्यास. या घेण्याला किती मोल होते हे वड्ढ नावाच्या लिच्छवी कुळातल्या गृहस्थाच्या गोष्टीवरून कळते. त्याने एका निर्दोष भिक्खूवर खोटा आळ घेतला, तेव्हा संघाने त्याला शिक्षा केली: त्याच्यापुरते पात्र उलटे केले. म्हणजे त्याच्याकडून काहीही घ्यायचे नाही. ही बातमी आनंदाकडून कळताच तो मूर्च्छित होऊन पडला, आणि अपराध कबूल केल्यावरच पात्र पुन्हा सुलटे झाले. 'तुझे आम्ही घेणार नाही' हा त्या समाजातला कडक दंड होता. मग आपल्या माणसांनी प्रेमाने पुढे केलेले आपण उठता-बसता 'नको, नको' म्हणून परत लोटतो, तेव्हा आपण त्यांना कसली शिक्षा देत असतो?

इथे सगळ्यात वजनदार आक्षेप येतो, आणि तो शिबिरांची टिंगल करणाऱ्यांकडून येत नाही. तो येतो ज्यांनी घेण्याची किंमत पिढ्यानपिढ्या मोजली त्यांच्याकडून. कृतज्ञता ही गोव्यात भाटकाराने, म्हणजे जमीनदाराने, मुंडकाराकडून, म्हणजे त्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याकडून, वसूल केलेली वस्तू आहे. माझ्या जमिनीत तुझे घर, म्हणून माझ्या माडांची राखण कर, माझ्या घरच्या कार्याला फुकट राब, माझ्यासमोर मान खाली घाल. १९७५ मध्ये मुंडकारांना घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला, तरी त्याखालचे खटले अजून मामलेदार कचेऱ्यांतून रेंगाळतात. अशा माणसाला 'कृतज्ञ राहा' सांगणे म्हणजे जुनी बेडी नव्याने घासूनपुसून देणे नव्हे काय? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे लाखो लोक बुद्धाकडे आले ते स्वाभिमानासाठी आले, उपकार मानण्यासाठी आले नाहीत. त्यांच्यापुढे मैत्री आणि कृतज्ञतेचे गोडवे गाणाऱ्याने आधी आपण कुठल्या बाजूच्या ओसरीवर बसलो आहोत हे पाहावे. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. जी कृतज्ञता फक्त खालून वर वाहते, ती कृतज्ञता नाही, तो खंड आहे.

पण म्हणून ही भावनाच टाकून द्यायची? बुद्धवचनांच्या अंगुत्तर निकाय या संग्रहात दोन दुर्मिळ माणसे सांगितली आहेत: आपण होऊन आधी उपकार करणारा, आणि केलेले जाणून ते बोलून दाखवणारा. दोघे एकाच वाक्यात, एकाच पायरीवर. वसुली करणारा यात कुठेच बसत नाही, कारण मागून घेतलेले ते आपण होऊन दिलेले नसते. आणि घेतल्याने तोंड बंद होतेच असे नाही, याचे उदाहरण आपल्या इतिहासात आहे, तेही एकाच दात्याच्या दोन घेणाऱ्यांचे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९०८ मध्ये धर्मानंद कोसंबींना महिना पन्नास रुपये देऊ केले. महाराष्ट्रात कुठेही राहावे आणि काम करावे, एवढीच अपेक्षा. कोसंबींनी कलकत्त्याची नोकरी सोडून ते घेतले. त्याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. परत आल्यावर बडोद्याच्या नोकरीत त्यांना राहायला जागा मिळू दिली गेली नाही, तो अपमान जगजाहीर आहे. शिष्यवृत्ती घेतली म्हणून तो अपमान त्यांनी गिळला नाही. आणि अपमान झाला म्हणून शिष्यवृत्ती नाकारायला हवी होती असेही कुणी म्हणणार नाही. घेतलेल्याची जाण आणि अन्यायाची चीड एकाच छातीत राहू शकतात. मुंडकाराच्या मुलीने सरकारी शिष्यवृत्तीवर शिकावे, शिक्षिकेचे ऋण आयुष्यभर मानावे आणि भाटकाराला कोर्टात उभे करावे, यात मला तरी कुठे विसंगती दिसत नाही.

राहिला एक मुद्दा, स्वतःशी मायेने वागणे म्हणजे स्वतःला माफी वाटत सुटणे, हा. तो लवकर निकालात निघतो. संयुत्त निकाय या दुसऱ्या संग्रहात असिबंधकपुत्त नावाच्या ग्रामणीशी, म्हणजे गावच्या मुखियाशी, बुद्धाचा संवाद आहे. तिथे वाईट केलेल्या माणसाने काय करावे हे सांगितले आहे: मी केले ते बरोबर नव्हते असे स्पष्ट म्हणावे, नुसता जळत बसलो तरी झालेले बदलणार नाही हे ओळखावे, पुढे ते करणे सोडावे, आणि मग, शंख फुंकणाऱ्याचा नाद जसा चारी दिशांना जातो, तशी मैत्री पसरावी. कबुली आहे, सुधारणा आहे, फक्त स्वतःला चाबकाने फोडून काढणे नाही. पश्चात्तापात कुढत राहणे हे तर पाच नीवरणांपैकी एक, म्हणजे ध्यानातला अडथळा. स्वतः सिद्धार्थाने सहा वर्षे देह झिजवून पाहिला, आणि लहानपणी जांभळीच्या झाडाखाली लाभलेले निर्मळ सुख आठवून त्याला प्रश्न पडला: या सुखाला मी का भितो आहे? मग त्याने भात खाल्ला. बरोबरचे पाच तपस्वी नाक मुरडून निघून गेले. त्यांच्या मते तो बिघडला होता. पुढे सारनाथला त्याच पाचांना त्याने पहिला उपदेश केला, त्यात भोगाचे टोक आणि आत्मक्लेशाचे टोक ही दोन्ही टाकायला सांगितली. आपल्याकडचे टीकाकार पहिले टोक नेमके ओळखतात. दुसऱ्याला ते अध्यात्म म्हणतात.

आणि आता कोसंबींचेच उदाहरण माझ्या विरुद्ध उभे राहते, ते टाळता येणार नाही. ४ जून १९४७ ला सेवाग्रामच्या आश्रमात त्यांनी देह ठेवला, तो स्वेच्छेने अन्न सोडून. त्याआधी गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी एकदा उपवास थांबवला होता. शरीर थकले होते, व्याधी होत्या, आणि निश्चय जुना होता. त्यांच्या धैर्याबद्दल बोलण्याची माझी योग्यता नाही. पण त्यांनीच मराठीत आणलेल्या बुद्धाकडे पाहिले, तर तिथे वेगळे चित्र आहे. ऐंशी वर्षांचा, दुखणाईत बुद्ध चुंद लोहाराच्या घरी जेवला. ते शेवटचे जेवण ठरले. मरणाच्या वाटेवर त्याने आनंदाला बजावले, की चुंदाच्या मनाला खंत लागू देऊ नका. बोधी मिळण्यापूर्वीचे अन्नदान आणि हे अन्नदान, दोन्ही सारख्याच पुण्याची आहेत असे त्याला सांगा. शेवटपर्यंत घेतले, आणि देणाऱ्याचे मनही सांभाळले. कोसंबींचे ऋण मानूनच मी इथे चुंदाच्या घरी जेवणाऱ्या बुद्धाच्या बाजूने उभा राहतो. आपल्याकडे म्हातारे माणूस 'आता सुटलो तर बरे, तुम्हाला भार नको' म्हणाले की घरचे त्याला समजूतदार म्हणतात. मला तो त्या आजारी भिक्खूचाच हिशेब वाटतो. त्याने दुखणे डॉक्टरला खरे खरे सांगावे, गोळ्या वेळेवर घ्याव्यात, आणि सुनेने पुढे केलेली पेज परत लोटू नये. आणि घरच्यांनीही त्याच्या 'नको'वर इतक्या सहज विश्वास ठेवू नये.